वई वाळायला लागली, तर आधी ओळ वाच

पोरी, परवा तुझ्याकडे आलो तेव्हा चहा निवेपर्यंत मी मागच्या आवारात वईपाशीच उभा राहिलो. बोलायचं पुष्कळ होतं, पण सौंसरची बस चुकली असती. रस्ताभर तुझी मेंदीच डोळ्यांपुढे होती. तू बुरशीच्या औषधाची बाटली आणून ठेवली आहेस, पंपही धुऊन ठेवला आहेस. ती बाटली अजून उघडू नको. आधी एवढं सांग, वाळली ती झाडं कोणती?

‘सहा-सात वाळली’ एवढ्यानं भागत नाही. ती सहा-सात ओळीत कुठं उभी आहेत, ते पाहायला हवं. तुझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा संत्र्याच्या बागेत कामाला नेलं, तेव्हा एकाही झाडाला हात लावू दिला नाही. धुऱ्यावर उभं केलं आणि वाळलेल्या झाडांवरून हवेत बोट फिरवायला सांगितलं. मी फिरवलं. वळणं घेत घेत ते बोट बरोबर पाण्याच्या दांडावरून गेलं. त्या दिवशी आम्ही फवारणी केली नाही, दांड मोडला. पुढं मी पन्नास वर्षं बाग केली, पण झाडाचं दुखणं ओळखायची याहून चांगली रीत मला कुणी शिकवली नाही. वईला तर ती जास्तच लागू पडते. बागेत दोन झाडांमध्ये सहा मीटर अंतर असतं, वईत हातभरसुद्धा नसतं. एकाचं दुखणं दुसऱ्याकडे कुठून गेलं, ते वईत उघड दिसतं.

पाहायचं ते असं. एक झाड इथं वाळलंय, एक तिथं, आणि मधली सगळी हिरवीगार आहेत, तर दोष त्या त्या झाडाच्या बुडाशी आहे. एका टोकापासून सलग वाळत येतंय, तर काहीतरी वाहत येतंय, आणि ते बहुतेक पाणीच असतं. एक ठरावीक पट्टा गेला, त्याच्या अलीकडची आणि पलीकडची झाडं मात्र ठणठणीत आहेत, तर दोष जागेचा आहे. या तिन्हींमध्ये बाटलीचा नंबर शेवटी लागतो.

तुझी मेंदी सलग वाळते आहे. नळाच्या बाजूला झाडं दाट, न्हाणीच्या कोपऱ्याकडे सरकलं की पिवळी, आणि कोपऱ्यात नुसत्या काड्या. तू पाइप वईच्या नालीच्या वरच्या तोंडाशी टाकून देतेस आणि पाणी आपलं आपलं शेवटपर्यंत जातं. नोकरी सांभाळून झाडं जगवायची तर हे सोयीचं, मला कळतं. पण ते पाणी प्रत्येक झाडाचं बूड भिजवत पुढच्याकडे जातं आणि शेवटी कोपऱ्यात मुक्काम करतं. वरून आता पावसाची झड.

आपल्या भागातली जमीन तुला माहीत आहे. सातपुड्याच्या उतरणीचा हा काळा दगड, त्याचा झिजून झालेला मुरूम, आणि मुरमावर कुठं वीतभर तर कुठं कमरेएवढी काळी माती. तुमच्या प्लॉटवर मातीचा थर पातळ आहे. ज्यानं नाली खोदली, त्यानं ती टणक मुरमात कोरली आणि वरून काळी माती भरली. चैत्रात अशी नाली चांगली वाटते, कारण ओल धरून ठेवते. आषाढात तिचा हौद होतो. मुरूम पाणी लवकर पीत नाही, काळी माती सोडत नाही, आणि मेंदीची मुळं त्या चिखलात श्वासाविना राहतात. मेंदी कोरड्या मुलखाची आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवस पाणी नसलं तरी ती तग धरते, पण आठ दिवस पाण्यात उभी राहिली तर खचते.

इथं बहुतेक जण चुकतात. पान मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण आणखी पाणी देतो. बुडालेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून भर पाण्यात उभं झाडही तहानलेल्यासारखंच कोमेजतं. पानावरून फरक कळत नाही, मातीवरून कळतो. बुडाजवळ सब्बल घालून वीतभर खालची माती काढ आणि मुठीत दाब. बोटांच्या फटींतून चिखल निघाला, किंवा तुंबलेल्या गटारासारखा वास आला, तर पाणी बंद. भुगा झाला तर पाणी दे. पाण्यासाठी पान नव्हे, मूठ विचारायची.

परवा मी कोपऱ्यातलं एक झाड ओढून पाहिलं. जोर न लावता हातात आलं. बारीक मुळं तपकिरी झाली होती, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत होता. संत्र्याच्या मूळकुजीत अगदी असंच दिसतं. आमच्याकडे तिला कारण फायटोप्थोरा नावाची बुरशी. तिची बीजं पाण्यात पोहतात, आणि पाणी जिकडं जाईल तिकडं जातात. बुंध्यावर चढली की साल फुटून डिंक गळतो, त्याला आपण डिंक्या म्हणतो. म्हणून नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेपासून गावच्या जुन्या बागाइतदारापर्यंत सगळे एकच सांगतात, झाडाला दुहेरी आळं कर. आतलं आळं बुंध्याजवळ, ते कोरडं ठेवायचं. पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचं. बुंध्याला पाणी लागत नाही, आणि एका झाडाचं पाणी दुसऱ्याकडे जात नाही. मी हे उशिरा केलं. तोवर जंबेरी खुंटावरची एक पूर्ण ओळ गेली होती. जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते, रंगपूर खुंट त्या मानानं टिकतो.

वईत दुहेरी आळं जमत नाही, पण तत्त्व तेच. आता तुझ्या कोपऱ्याचं काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम फावड्याचं. कोपऱ्याच्या खालच्या अंगाला नालीची कड फोड आणि पाणी बाहेर जायला वाट दे, शेजाऱ्याच्या आवारात नव्हे, रस्त्याच्या गटाराकडे. मग पाऊस उघडला की झाडांच्या दोन्ही बाजूंची माती ओढून बुडाशी उतरता वरंबा कर, म्हणजे झाड उंचावर आणि पाणी दोन्ही बाजूंना खाली. पण माती खोडाला चढवू नको. मूळ कुठं संपतं आणि खोड कुठं सुरू होतं तो सांधा उघडा राहिला पाहिजे. संत्र्याच्या कलमाचा डोळा मातीत गाडला की झाड गेलंच समज, वईच्या झाडाचा सांधाही तसाच जप. पाणी यापुढं वरंब्याच्या बाहेरून द्यायचं, आणि नळापासून कोपऱ्यापर्यंत तीन-चार ठिकाणी मातीचे आडवे बांध घालून, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं पाणी त्या तुकड्यातच राहील.

दुसरं काम कोपऱ्यातल्या मेलेल्या झाडांचं. मुळांसकट काढ, वाळव आणि जाळ. ती संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर फेकू नको, खतखड्ड्यातही टाकू नको. त्यांच्या शेजारची दोन हिरवी दिसणारी झाडं आजारीच धर. त्यांचं बूड उघडून पाहा.

तिसरं काम बोर्डो मलमाचं, आणि ते घरी करता येतं. बागेला आम्ही 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी घेतो. तुला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर पुरेल. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्या पाण्यात चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत. चुना विझवताना तोंड दूर ठेव, तो उकळतो. निवल्यावर दोन्ही एकत्र ओत आणि लाकडानं ढवळ. लोखंडी भांडं चालत नाही. झाल्यावर विळ्याचं पातं त्यात बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाल. बुडापासून वीत-दीड वीत खोडाला ब्रशनं लाव. त्याच दिवशी संपव, शिळं मलम कामाचं नाही. आणि हे ध्यानात धर, की हे निरोग्याला वाचवण्यासाठी आहे. मेलेलं यानं उठत नाही, आणि पाण्याची वाट न बदलता नुसतं मलम लावलं तर पुढच्या आषाढात तू पुन्हा इथंच उभी असशील.

कोपऱ्यात या वर्षी काही लावू नको. हे तुला जड जाईल, भगदाड दिसतं, गुरं शिरतात. तात्पुरत्या बाभळीच्या काट्या रोव, पऱ्हाटीच्या काड्यांचा आडोसा कर. पण खड्डे उघडे टाक. एप्रिल-मेचं आपलं ऊन, पारा 45 च्या घरात, त्याला त्या मातीत उतरू दे. रोहिणीत माती बदल, शेणखत घाल, आणि मृगाचा पाऊस बसला की लाव. ज्या खड्ड्यात मेंदी कुजली त्यात पुन्हा मेंदी लावायची नाही.

आता तुझ्या त्याच ओळीतली ती तीन सुटी झाडं. नळाच्या बाजूला, हिरव्या झाडांच्या मध्ये एकेकटी वाळलेली. त्यांचा आणि कोपऱ्याचा काही संबंध नाही. एक मी उकरलं तर काय निघालं माहीत आहे? रोपवाटिकेची काळी पिशवी. तळाला दोन भोकं, आणि आत मुळं दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी गोल गोल फिरलेली. लावणाऱ्यानं पिशवी न काढताच रोप खड्ड्यात बसवलं. पहिली दोन वर्षं असं रोप चालतं, तिसऱ्या उन्हाळ्यात जातं. त्याची भूक वाढलेली असते आणि मुळं पिशवीतच फिरत असतात. उरलेल्या दोन झाडांजवळही बोटानं उकरून पाहा, प्लास्टिकची कड हाताला लागेल.

मी स्वतः असाच फसलो होतो. एका रोपवाटिकेतून दोनशे रोपं आणली, उंच आणि तजेलदार म्हणून. पिशव्या छोट्या आणि रोपं जुनी होती. उंची पाहून मी भुललो, मूळ पाहिलं नाही. त्यांतली निम्मी दोन वर्षांत गेली. तेव्हापासून रोप घेताना एक पिशवी विकत घेऊन तिथंच फाडतो. मुळं गोल फिरलेली दिसली तर उरलेली घेत नाही. घ्यावीच लागली तर लावताना मुळांच्या गोळ्याला चारी बाजूंनी चाकूनं उभा छेद देतो आणि तळाचं वेटोळं कापून टाकतो. हात थरथरतो, पण छेदलेलं मूळ नवी फूट बाहेर टाकतं आणि वेटोळं मात्र जन्मभर वेटोळंच राहतं.

सुटी झाडं मरण्याची दुसरी दोन कारणं हुमणी आणि उधई. झाड हलवून पाहा, सैल वाटलं तर बुडाखाली खण. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी निघाली तर ती हुमणी. ती बहुधा कच्च्या शेणातून येते, म्हणून अर्धवट कुजलेलं शेण वईला घालायचं नाही. उधईचं मात्र वेगळं आहे. मातीचे बोगदे दिसले की लोक म्हणतात उधईनं झाड मारलं. पुष्कळदा झाड आधीच मेलेलं किंवा मरणाच्या वाटेवर असतं, आणि उधई वाळकं लाकूड खायला आलेली असते. आधी वाळलेली मुळं काढ, ओल सारखी ठेव, निंबोळी ढेप मिसळ, आणि मग पुन्हा पाहा.

उपटण्याच्या आधी मात्र एक कर. नखानं काडीची साल किंचित खरवड. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी दिसलं तर खाली खाली ये, बुडापर्यंत. बुडाशी हिरवं मिळालं तर तिथून वर कापून टाक आणि थांब. आंबिया बहारासाठी आम्ही डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतो, तेव्हा ताणावरची झाडं पानं टाकतात आणि नवख्याला वाटतं बाग गेली. पाणी सुटलं की तीच झाडं फुलांनी भरतात. मेंदीही कोरड्या थंडीत पानं टाकते. नख न लावता सब्बल लावणारे लोक दर वर्षी कितीतरी जिवंत झाडं उपटतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

ती तीन भगदाडं भरायला मात्र नवं रोप आणू नको. दोन मोठ्या झाडांच्या मध्ये लावलेलं रोप सावलीत उपाशी राहतं, कारण तिथलं पाणी आणि खत दोन्ही बाजूंची मुळं आधीच ओढून घेतात. तुझी आजी करायची ते कर. शेजारच्या निरोगी झाडाची खालची लवचीक फांदी रिकाम्या जागेत वाकव. जिथं ती मातीला टेकते तिथं खालच्या अंगानं साल बोटभर खरवड, चार बोटं मातीत पुर, वर दगड ठेव आणि टोक बाहेर उभं राहू दे. पावसाळाभर आईचं दूध चालू असतं, म्हणजे मूळ झाडाकडून रस येत असतो, तोवर फांदीला स्वतःची मुळं फुटतात. दिवाळीनंतर ओढून पाहा. धरून बसली असेल तर आईकडून तोड. पोळा महिन्यावर आला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळस रोवून गोटमार होते, त्याच्या आत हे दाब घालून घे. त्यापुढं पाऊस कमी होत जातो आणि मुळं फुटायला ओल पुरत नाही.

समोरचा ड्युरांटा. तिथं पट्टा वाळलाय, गेटपासून चौथ्या झाडापासून नवव्यापर्यंत, आणि पुढं एकदम हिरवं. अशी रेघ ओढल्यासारखी हद्द रोग पाळत नाही. ती माणसाची असते. घर बांधताना गवंड्यांनी माल कालवला तो तिथंच ना? मी सब्बल मारली तर वीतभर खाली सिमेंटचे पोपडे आणि विटांचा चुरा लागला. सिमेंटमधल्या चुन्यानं माती कडक होते आणि लोह झाडाला मिळेनासं होतं. म्हणून तिथली कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. हे नीट ओळखायला शीक. कोवळी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा लोह अडलेलं असतं, खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी असतो. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत हा त्रास घर बांधलं नाही तरी होतो. तिथं मातीत हिराकस टाकून उपयोग नाही, चुना त्याला लगेच बांधून टाकतो. पानांवर फवार. एका लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि त्याच्या निम्मा विझवलेला चुना, गाळून, संध्याकाळी. हिराकस हिरवटच घे, तपकिरी पडलेला जुना असतो. पण खरा उपाय मलबा उपसून माती भरणं, तो दिवाळीनंतर मजूर लावून कर.

त्याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट दिसली. आरओ यंत्राचं सोडलेलं पाणी तू बादलीत धरून त्या झाडांना घालतेस. पाणी वाया जाऊ नये ही तुझी भावना मला आवडली. पण यंत्र स्वच्छ पाणी तुझ्याकडे ठेवतं आणि क्षार त्या सोडलेल्या पाण्यात गोळा करतं. आपल्या बोअरचं पाणी मुळातच जड. त्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात, टोकापासून आत. ते पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापर. न्हाणीचं साबणाचं पाणीही वईला नको.

शिवाय ही बाजू पश्चिमेची. मागं तापलेली भिंत. पिवळ्या पानांचा ड्युरांटा नाजूक, आपल्या मे महिन्यात त्याची पानं भाजतात. त्या जागी मी हे झाड लावलंच नसतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मिठाची चोरटी ने-आण अडवायला शेकडो मैल काटेरी वई वाढवली होती, पंजाबातल्या सिंधूकाठापासून आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत. पुढं काँग्रेसच्या स्थापनेत असलेले ह्यूमसाहेब तेव्हा त्या खात्याचे आयुक्त होते. एवढी सत्ता, एवढे मजूर, तरी एक झाड सगळीकडे चालवता आलं नाही. कुठं बोर, कुठं बाभूळ, कुठं करवंद, कुठं निवडुंग आणि थोर. जिथं माती वाईट तिथं चांगली माती आणून बांध घालावा लागला. तरी उधई, उंदीर, वणवे आणि परजीवी वेल यांनी फर्लांगच्या फर्लांग वई खाल्ली. ती गरिबाच्या मिठावर कर बसवायला उभारलेली होती आणि 1879 मध्ये मोडली, बरं झालं. पण जागा सांगेल ते झाड लावायचं, हे त्यांनाही मातीनंच शिकवलं.

तर तुझ्या पश्चिमेच्या भिंतीला करवंद किंवा मेंदी लाव, कोयनेलही चालेल. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेलाही करवंद बरं, वरंब्यावर लावलंस तर. चारी बाजूंना मात्र एकच झाड नको. आमच्या लहानपणी जुनी माणसं निवडुंगाच्या वयांच्या गोष्टी सांगायची. निवडुंगावरचे कोचिनीलचे किडे आले आणि त्या वया बघता बघता बसल्या. एकाच जातीची वई एकाच रोगात जाते.

तू म्हणालीस, समोर कामिनी लावते, पांढऱ्या फुलांचा वास छान येतो. नको लावू. हे मी तुला विनवून सांगतो. कामिनी, म्हणजे कुंती, संत्र्याच्याच कुळातली आहे. संत्र्यावर येणारी सिट्रस सिला ही बारीक कीड तिच्या कोवळ्या फुटीवर आनंदानं वाढते, आणि हीच कीड ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. त्याला औषध नाही. तुझ्या मागच्या रस्त्यापलीकडे बागा आहेत. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर मिळून, आणि या जिल्ह्यातली कितीतरी घरं आंबिया आणि मृग या दोन बहारांवर चालतात. तुझ्या फाटकावरच्या सुगंधासाठी त्या बागांजवळ किडीला घर द्यायचं नाही. दारातला कढीपत्ता राहू दे, पण जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी फूट आली की तिच्यावर सिला आहे का, ते शेंडे उलटून पाहत जा.

जास्वंदीच्या बाजूचं थोडक्यात. शेंडे आखडले आहेत आणि कापसासारखं पांढरं लागलंय, तो पिठ्या ढेकूण. कपाशीवर येतो तोच जास्वंदीवर आणि गाजरगवतावरही राहतो. आधी मुंग्यांची रांग शोध. मुंग्या त्याच्या गोड पाण्यासाठी त्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना हुसकावतात. लागलेले शेंडे कापून पिशवीत घालून जाळ, गाजरगवत उपट, मग साबणाचं पाणी जोरात मार, लिटरला चमचाभर. आठ दिवसांनी पुन्हा.

आणि त्याच बाजूला टोकाला पिवळे दोरे दिसले. तू म्हणालीस छान दिसतात. पोरी, ती अमरवेल आहे. तिला मूळ नाही, पान नाही, ती झाडाच्या सालीत सोंड घालून रस पिते. एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते, म्हणून नुसती ओढून काढायची नाही. जिथं जिथं ती चिकटली तिथली फांदीच तिच्यासकट काप. फुलं यायच्या आत काप, बी मातीत पडलं तर वर्षानुवर्षं उगवत राहतं. हे काम आजच कर, बाकीची उद्या केलीस तरी चालतील.

कापणीबद्दल एक बोलायचं राहिलं. तुझी मेंदी वरून रुंद आणि खाली उघडी पडली आहे. कापणारा वरचा भाग सपाट करतो, बाजू मात्र तशाच ठेवतो, मग वरची फांदी खालच्याचं ऊन खाते. बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवायला सांग, तुझ्या आजोबांच्या पागोट्याच्या उलट. फार उघडी पडली असेल तर मृगात वीत-दीड वीत ठेवून खाली काप, पण अर्धी ओळ यंदा, अर्धी पुढच्या वर्षी. मे महिन्यात कापू नको, उघड्या पडलेल्या काड्या उन्हानं भाजतात. मेंदी, कोयनेल, जास्वंद जुन्या लाकडातून फुटतात. दारातल्या मोरपंखीला मात्र हा न्याय लावू नको, ती उघड्या खोडातून पुन्हा फुटत नाही. तिचे फक्त हिरवे शेंडे छाटायचे.

मी पोळ्याला येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यात हातभर खोल, हातभर रुंद खड्डा खणून पाण्यानं काठोकाठ भर आणि वर फळी टाक, म्हणजे रात्री पाऊस आला तरी फसगत होणार नाही. सकाळी किती उरलं ते मी आल्यावर दोघं मिळून पाहू. अर्ध्याहून जास्त उरलं तर वरंबा आणखी वीतभर उंच करावा लागेल. येताना आपल्या धुऱ्यावरच्या सागरगोट्या आणीन, मागच्या कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला लावायला. त्यांचं कवच दगडासारखं असतं, तसंच पुरलं तर वर्षभर बी झोपून राहतं. एक खरबरीत दगड शोधून ठेव. एका अंगानं पांढरं दिसेपर्यंत घासायच्या आणि रात्रभर कोमट पाण्यात टाकायच्या.